बॅटरी मस्त टिकते, कारण हा फोन माझं ॲप मारून टाकतो

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून कॅमेरा आणि स्क्रीनबद्दल काही लिहीत नाही. दोन्ही चांगले आहेत. मी हा फोन घेतला टेस्टिंगसाठी, कारण माझ्या ॲपला एक स्टार देणारे बरेचसे लोक हेच मॉडेल वापरतात.

ॲप साधं आहे, गोळ्यांच्या वेळा आठवून देतं. एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर, अलार्म चोख वाजतो. अँड्रॉइड 6 पासूनचा डोझ मोड (फोन नुसता पडून असताना बॅटरी वाचवायला ॲपना झोपवणारा) एडीबीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणाऱ्या साधनाने, जबरदस्तीने लावला, तरी वाजतो. या फोनवर मात्र रिसेंट्समधून, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या ॲपच्या यादीतून, ॲप सरकवून काढलं की खेळ खल्लास. मूळ अँड्रॉइडमध्ये असं सरकवल्याने अलार्म जात नाहीत, ते फोर्स स्टॉप केल्यावर, म्हणजे ॲप सक्तीने बंद केल्यावर, जातात. इथे कंपनीने सरकवण्यालाच फोर्स स्टॉप करून ठेवलंय. डंपसिसमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या नोंदींत, बघावं तर 'स्टॉप्ड=ट्रू', म्हणजे ॲप सक्तीने बंद. मग कोणी स्वतःहून ॲप उघडेपर्यंत ना अलार्म, ना पुश नोटिफिकेशन.

त्याहून संताप पुढे आहे. अँड्रॉइड 11 पासून ॲपला आपण का मेलो हे सिस्टिमला विचारता येतं. विचारलं, तर उत्तर 'यूजर रिक्वेस्टेड', वापरकर्त्यानेच सांगितलं. म्हणजे मारायचं कंपनीने आणि नाव लागायचं ॲप वापरणाऱ्या बिचाऱ्या आजोबांचं!

हेल्पडेस्कला सगळे लॉग पाठवले. उत्तर आलं, 'कृपया संबंधित ॲपच्या डेव्हलपरशी संपर्क साधा.' मीच तो, असं कळवलं. तिकीट बंद.

उपाय म्हणे ऑटोस्टार्ट, म्हणजे ॲपला आपणहून सुरू होऊ देणारी सेटिंग, चालू करा. ते बटण सेटिंग्जमध्ये तीन थर खाली आहे. एका लोकप्रिय मेसेजिंग ॲपसाठी ते आधीपासून चालू होतं, माझ्यासारख्या फुटकळ माणसाने वापरकर्त्यांच्या विनवण्या कराव्यात. गूगलचे नियमही जाचक आहेत, नाही असं नाही. अचूक अलार्मची वेगळी परवानगी अँड्रॉइड 12 मध्ये आली आणि 14 पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना ती आपोआप मिळत नाही. पण तो नियम लिहिलेला आहे, परवानगी आहे की नाही हे कोडमधून तपासता येतं. या ऑटोस्टार्टला धड एपीआयच, म्हणजे कोडमधून विचारायची सोयच, नाही. बटण चालू आहे की बंद, हे मला कळणार कसं?

काही आठवड्यांनंतरची भर: एक गोष्ट मनापासून आवडली. वायरलेस डीबगिंग, म्हणजे केबलऐवजी वायफायवरून ॲप टाकणं आणि तपासणं. यूएसबीचं पोर्ट ढिलं झाल्यावर नाइलाजाने लावलं होतं, आता केबलला हात लावत नाही. कोड टाकून एकदा पेअर केलं की झालं. अर्थात हे श्रेय अँड्रॉइड 11 चं, या कंपनीचं नाही. कंपनीची कामगिरी अशी की केबलवरून ॲप टाकायलासुद्धा तिच्या खात्यात लॉग-इन करा, वर फोनमध्ये सिम घाला. टेस्टिंगच्या फोनला सिम! त्यासाठी वेगळं रिचार्ज मी करणार नाही. माझंच सिम काढून घातलं, यूएसबीवरून ॲप टाकू देणारा टॉगल चालू केला, परत काढलं.

आणखी एक भर: मोठं सिस्टिम अपडेट आलं. वेग वाढलाय, मान्य. पण ऑटोस्टार्टचा मेनू दुसरीकडे हलवला आणि जुनी निवडही पुसून टाकली. ॲपमधल्या मदतीच्या पानावरचे सगळे स्क्रीनशॉट वाया गेले. नवे काढतोय, आणि जुनेही ठेवावे लागणार, कारण सगळ्यांना अपडेट एकदम मिळत नाही.

रोजच्या वापराला फोन म्हणून घ्यायला हरकत नाही. टेस्टिंगसाठी हवा असेल तर नवा घेऊन पैसे घालवू नका, वापरलेला बघा. फक्त पैसे देण्याआधी, विकणाऱ्यासमोरच, यूएसबी इन्स्टॉलचा तो टॉगल चालू करून बघा.