आखूड नळीची पॉइंट टू-टू: सीझेड ४५७ घ्यावी की टिक्का टी१एक्स?

पन्नास ते शंभर मीटरवर कागदी टार्गेट मारायला आटोपशीर बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीमागे हाताने बोल्ट, म्हणजे खिट्टी, मागेपुढे करायची) हवी असेल, तर आम्ही दोन रायफलींची नावं आधी घेऊ: चेक बनावटीची सीझेड ४५७ आणि फिनलंडची टिक्का टी१एक्स. दोन्ही पॉइंट टू-टू एलआर, म्हणजे ०.२२ इंची लहान काडतुसाच्या. आमचं झुकतं माप सीझेडला, तेही साडेवीस इंची जाड नळीच्या व्हार्मिंट मॉडेलला.

खानापूर-जांबोटी पट्ट्यात पीकरक्षणाची बंदूक घरात असलेले लोक नळी जेवढी लांब तेवढा मार पक्का असं धरून चालतात. ठासणीच्या बंदुकीचं गणित इथे लागू पडत नाही. पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू चिमूटभर. सोळा-सतरा इंच नळीत ती जळून जाते, पुढची नळी गोळीला फारसा वेग देत नाही, उलट घासते. अचूकता ठरते ती चेंबर (काडतूस बसतं ती जागा), नळीचा आतला भाग आणि तोंडाची कड यांवर. त्यामुळे नळी आखूड घेतली म्हणून नेमात काही गमावत नाही.

मग सीझेडच्याच प्रिसिजन चॅसिस मॉडेलची साडेसोळा इंची नळी का नको? पालथं झोपून, बायपॉड (पुढे लावायची दोन पायांची टेकणी) लावून मारणार असाल तर खुशाल घ्या, गाडीत ठेवायलाही सोयीची. पण उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून मारताना पुढचं वजन कमी पडतं आणि तोंड भिरभिरतं. व्हार्मिंटचं वजन दुर्बिणीशिवाय साधारण सव्वातीन किलो, आणि त्यातलं बरंचसं नळीत. ती स्थिर बसते.

४५७ चा बोल्ट ६० अंशांत उघडतो, आधीच्या ४५५ ला ९० अंश लागायचे. फरक दुर्बीण बसवल्यावर कळतो: मूठ दुर्बिणीच्या मागच्या भिंगाला आपटत नाही. मॅगझिन ५ गोळ्यांचं. नळी दोन स्क्रूंवर धरलेली असते, त्यामुळे पुढे बदलता येते. ट्रिगरचं वजन (तो ओढायला लागणारा जोर) आणि खेच (सुटेपर्यंतचा त्याचा प्रवास) दोन्ही कमी-जास्त करता येतात. इथेच लोक हात भाजून घेतात. स्क्रू सैल करत करत ट्रिगर इतका हलका करतात की धक्क्यानेही सुटतो. वजन कमी केलं की रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट चढवा, सेफ्टी काढा आणि बट (खांद्याला टेकणारं टोक) रबरी मॅटवर चारपाच वेळा आपटा. एकदाही सुटला तर वजन वाढवा. सेफ्टी पुढे ढकलली की फायर. जुन्या ४५२-४५५ वर हात बसलेल्यांना हे उलटं पडतं.

टिक्काचा बोल्ट सीझेडपेक्षा मऊ चालतो, यात वाद नाही. मॅगझिन १० गोळ्यांचं, वजन सुमारे २.६ किलो, आणि टिक्काच्याच मोठ्या टी३एक्ससाठी बनवलेले स्टॉक (दस्ते) हिला बसतात. कमी पडतो तो मूळचा प्लास्टिकचा स्टॉक. पुढचा भाग पोकळ आहे, बायपॉडवर जोर दिला की वाकतो. पण आपल्याकडच्या पावसात हाच स्टॉक कामाचा ठरतो.

ही पावसाची गोष्ट दुकानातला माणूस सांगणार नाही. जून ते सप्टेंबर खानापूर, चंदगड, बेळगावच्या हवेत लाकूड फुगतं. एप्रिलमध्ये नळी आणि स्टॉकमधल्या फटीतून सहज सरकणारी शंभराची नोट जुलैत मध्येच अडकते. नळीला एका बाजूने लाकूड टेकलं की ग्रुप (टार्गेटवरचा भोकांचा पुंजका) सरकतो, आणि माणूस दुर्बिणीला दोष देत बसतो. सीझेड लाकडी स्टॉकची घेतली असेल तर दर पंधरवड्याला नोट फिरवून बघा, अडकली तर खाच थोडी घासून घ्या आणि उघड्या पडलेल्या लाकडाला तेल किंवा वार्निश लावा. लॅमिनेटेड स्टॉक मिळाला तर उत्तमच. अ‍ॅक्शन (बोल्टचा सांगाडा) स्टॉकला धरणारे स्क्रू टॉर्क रेंचनेच (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा. कमी टॉर्कवर सुरू करून थोडं थोडं वाढवा, दर वेळी पाच गोळ्यांचा ग्रुप घ्या, जिथे ग्रुप सर्वांत लहान तो आकडा लिहून ठेवा. पाऊस संपला की पुन्हा तपासा.

इशापूरच्या कारखान्याची पॉइंट टू-टू स्पोर्टिंग रायफल देशी असल्याने आयातीची भानगड नाही. शिकायला ठीक. पण ट्रिगर जड, फिनिश ओबडधोबड, आणि एका नगाचा दुसऱ्याशी मेळ नाही. परदेशी रायफल साध्या लायसन्सवर थेट मागवता येत नाही. ती सवलत नामांकित नेमबाजांच्या दर्जाशी बांधलेली आहे. त्यामुळे बहुतेकांच्या हाती सेकंड-हँड नगच येतो. तो घेताना नळीच्या तोंडाची कड कापसाच्या काडीने गोल पुसा. एकाच जागी धागा अडकला की तिथे ओरखडा आहे. चेंबरच्या काठावर फायरिंग पिनने मारलेला खळगा असेल तर रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढून कुणीतरी वाट लावली आहे. अशा नगात रिकामी केस अडकून बसते.

स्पर्धेत उतरायचं असेल तर मात्र यातली एकही घेऊ नका. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर प्रकारात दुर्बीण चालत नाही, पीप साइट (बारीक भोकातून बघायची) लागते, आणि दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य. कोल्हापूरचं नाव गाजवणारा हा खेळ वेगळ्या, जड मॅच रायफलींचा आहे. त्या वाटेला जाणाऱ्याने वापरलेली अंशुट्झ (जर्मन बनावटीची मॅच रायफल) शोधावी, आखूडपणाचा विचार सोडावा.

दुर्बीण घेताना पॅरॅलॅक्स ५० मीटरला जुळवता येते का ते बघा. मोठ्या रायफलींच्या बऱ्याच दुर्बिणी शंभर यार्डांवर पक्क्या केलेल्या असतात, पन्नासला डोकं जरा हललं की नेम हलतो. दुर्बीण धरणाऱ्या रिंगा ११ मिलिमीटर डव्हटेलच्या (रायफलीवरच्या तिरक्या खाचेत बसणाऱ्या), धक्क्याने सरकू नयेत म्हणून टेकण असलेल्या घ्या. उतार दिलेली रेल (दुर्बीण बसवायची पट्टी) शंभरच्या पुढे मारणाऱ्यांसाठी. नुसतं पन्नासला मारणाऱ्याला ती नडते, कारण काही दुर्बिणींचा नॉब तेवढा खाली येतच नाही. पन्नासला झिरो केलेली (नेम जुळवलेली) गोळी शंभरला वीतभर खाली येते. वाऱ्याचं तर विचारूच नका: ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा पन्नास मीटरवरही गोळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास ढकलतो. पावसाळी पश्चिमेच्या वाऱ्यात मोकळ्या माळावर रायफल चांगली की वाईट हे ठरवायला जाऊ नका. सकाळी लवकर, रेंजवरच तपासा.

सीमाभागातल्यांसाठी खास बाब लायसन्सच्या हद्दीची. बेळगावात दिलेल्या लायसन्सवर हद्द फक्त कर्नाटकाची असेल तर ती रायफल घेऊन कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला किंवा पुण्यात बालेवाडीला सरावाला जाता येत नाही. अर्ज करतानाच अखिल भारतीय हद्द मागा, खेळाचं कारण लिहा, क्लबचं पत्र जोडा. नंतर वाढवून घ्यायला हेलपाटे पडतात. प्रवासात बोल्ट काढलेला, पेटी कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या, लायसन्स मूळ. आणि निवडणुका लागल्या की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. नेमबाजांना सूट मागता येते, पण त्यासाठी वेळेत अर्ज द्यावा लागतो.

राहिल्या गोळ्या. ४० ग्रेन वजनाच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी (नेहमीच्या वेगाच्या) घ्या, सेकंदाला साधारण ३२५ मीटरच्या. हाय व्हेलॉसिटी आवाजाच्या वेगाच्या वर सुटते आणि वाटेत त्याच्या खाली येताना डगमगते. पाच प्रकारच्या गोळ्या तपासायच्या तर प्रत्येकीचे पाच-पाचांचे पाच ग्रुप, म्हणजे १२५ गोळ्या. शिवाय प्रकार बदलला की नळीत नव्या गोळीवरचं मेण बसेपर्यंत दहा-वीस आणखी. लायसन्सवर मंजूर असलेल्या गोळ्यांत हे बसतं का, ते आधी मोजा. जी गोळी जमली तिच्या डब्यावरचा लॉट नंबर टिपून दुकानदाराकडे त्याच लॉटच्या बाकीच्या पेट्या राखून ठेवायला सांगा. त्याच कंपनीचा दुसरा लॉट तुमच्या नळीला चालेलच असं नाही.