गिटची ‘इग्नोर’ सोय: पसाऱ्यासाठी चोख, गुपितांसाठी अपुरी

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन. प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये ‘.गिटइग्नोर’ नावाची साधी मजकूर फाइल ठेवायची, नको असलेल्या फाइलींचे नमुने एकेका ओळीवर लिहायचे, की त्या फाइली ‘गिट स्टेटस’ या, नव्या आणि बदललेल्या फाइली दाखवणाऱ्या आदेशाच्या यादीत दिसेनाशा होतात. कंपाइल झालेल्या फाइली, लॉग, एडिटरने मागे सोडलेला पसारा, ‘नोड_मॉड्यूल्स’सारखे अवाढव्य फोल्डर बाहेर ठेवण्याचे काम ही सोय चोख बजावते, शिवाय ही फाइल कोडबरोबरच कमिट होत (गिटच्या इतिहासात नोंदली जात) असल्यामुळे एकाने लिहिलेला नियम सगळ्या टीमला मिळतो.

माझी तक्रार आहे ती नावाबद्दल. ‘इग्नोर’ म्हटल्यावर फाइल गिटच्या नजरेआड झाली असे वाटते. प्रत्यक्षात हे नियम अजून ट्रॅक न झालेल्या, म्हणजे गिटने नोंदीत न घेतलेल्या, फाइलींनाच लागू होतात. पासवर्ड असलेली ‘.एन्व्ह’ फाइल मी एकदा चुकून कमिट केली, लगेच तिचे नाव इग्नोर यादीत घातले आणि निर्धास्त झालो. तिच्यातले पुढचे बदलही निमूटपणे कमिट होत राहिले. अशा वेळी ‘गिट आरएम --कॅश्ड’ चालवून फाइल केवळ इंडेक्समधून (पुढच्या कमिटसाठी गिटने धरलेल्या फाइलींच्या यादीतून) काढावी लागते. (फाइल काढल्याचा तो कमिट पुल केल्यावर, म्हणजे आपल्या संगणकावर ओढून घेतल्यावर, सहकाऱ्यांच्या डिस्कवरची प्रत मात्र नाहीशी होते, त्यांना आधी कळवावे.) एवढे करूनही जुन्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच राहतो, म्हणून आधी तो बदलावा आणि इतिहास पुन्हा लिहिण्याचा खटाटोप नंतर करावा.

नियमांची भाषा छोटी असली तरी तिच्यात खाचाखोचा आहेत. ‘लॉग्ज/’ या ओळीखाली ‘!लॉग्ज/नमुना.लॉग’ असा अपवाद लिहिला तर तो लागू होत नाही, कारण वगळलेल्या फोल्डरमध्ये गिट डोकावतच नाही. तिथे ‘लॉग्ज/*’ (फोल्डर नव्हे, त्यातले सगळे वगळा) असेच लिहावे लागते. हे शोधण्यात माझा बराच वेळ गेला. कोणत्या फाइलीतल्या कोणत्या ओळीमुळे एखादी फाइल वगळली गेली, हे ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ नेमके सांगते, आणि या सोयीतला मला सर्वांत आवडलेला भाग तोच.

स्वतःच्या एडिटरचा कचरा सगळ्यांच्या यादीत लादण्याऐवजी ‘कोअर.एक्सक्लूड्सफाइल’ या सेटिंगने दाखवलेल्या वैयक्तिक यादीत ठेवता येतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रोग्रामिंग भाषांनुसार तयार याद्यांचा संग्रह आहे. सुरुवातीला तो उपयोगी पडतो, पण अर्थ न कळलेली ओळ त्यातून उचलू नये, कारण हवी असलेली फाइल वगळली गेली तर साध्या ‘गिट स्टेटस’मध्ये तिची चाहूलही लागत नाही.