सॉल्व्हंटच्या वाफेसाठी मीटर: इन्फ्रारेड की यूव्ही दिव्याचं?

सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या लहान युनिटसाठी गॅस मीटर घेताना आधी ठरवा, भीती आगीची आहे की माणसाच्या श्वासाची? मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटचा ड्रम उघडताच भरपूर वाफ सुटते. तेव्हा धोका दोन्हींचा असतो, पण दोन्हींवर एकच मीटर पुरत नाही.

इन्फ्रारेड सेन्सर भक्कम. हायड्रोकार्बनची वाफ 3.3 ते 3.4 मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश शोषते, त्यावरून तिचं प्रमाण कळतं. ऑक्सिजन लागत नाही, सिलिकोनच्या वाफेनं तो निकामी होत नाही. ड्रमच्या गोदामात भिंतीवर कायम लावायला हाच घ्यावा. फक्त काचेवरची धूळ पुसत राहावी लागते. पण त्याचं माप सहसा खालच्या स्फोटमर्यादेच्या (हवेत वाफ एवढी झाली की ती पेट घेऊ शकते) टक्क्यांत असतं, आणि मला काळजी वाटते ती इथेच. टोल्युइनची खालची स्फोटमर्यादा 1.1 टक्के, म्हणजे 11,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे 11,000 भाग). अलार्म तिच्या 10 टक्क्यांवर लावला तर तो 1,100 पीपीएमला वाजणार. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं मात्र 500 पीपीएमलाच जिवाला तत्काळ धोका मानलाय. कामगाराला भोवळ आली तरी मीटर गप्पच!

श्वासासाठी पीआयडी, म्हणजे फोटोआयनायझेशन डिटेक्टर घ्या. त्यातला यूव्ही दिवा वाफेच्या रेणूंचं आयनीभवन करतो, म्हणजे त्यांना विद्युतभारित करतो, आणि काही सेकंदांत पीपीएममध्ये आकडा देतो. नेहमीचा दिवा 10.6 इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, टोल्युइनला 8.8 पुरतात. मिथेनॉलला 10.8 लागतात, डायक्लोरोमिथेनला 11.3, म्हणून या दोन्ही वाफा त्याला दिसत नाहीत. तिथे पडद्यावरचं शून्य पाहून कुणाला टाकीत उतरवू नका. शिवाय मीटर बहुधा आयसोब्युटिलीन या दुसऱ्याच वायूवर कॅलिब्रेट केलेलं असतं, तेव्हा टोल्युइनचा खरा आकडा दिसणाऱ्याच्या साधारण निम्मा धरावा.

अक्कलकोट रोडच्या डाईंगवाल्यांनी मात्र पीआयडीवर पैसे घालू नयेत. वाफाळलेल्या शेडमधली दमट हवा त्याचा आकडा खाली ओढते, अॅसेटिक अॅसिड त्याला जेमतेम कळतं आणि हायड्रोसमधून (रंगाईतलं सोडियम हायड्रोसल्फाइट) सुटणारा सल्फर डायऑक्साइड तर कळतच नाही. त्यासाठी साधा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर बरा.

लेसरची मीटरं एकाच ठरावीक वायूसाठी उत्तम, पण पाच-सहा सॉल्व्हंट वापरणाऱ्या युनिटला ती परवडायची नाहीत. टोल्युइन, झायलीन, अॅसिटोन वापरत असाल आणि बजेट एकाच मीटरचं असेल, तर माझं मत पीआयडीला. दुकानात जाताना सगळ्या रसायनांची यादी न्या आणि प्रत्येकापुढे दिवा चालतो की नाही, ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.