इंजिन न उघडताच रिंग-पिस्टनचं बिल, जुन्या टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांनी हे वाचाच

ज्यांच्याकडे स्कोडाची जुनी लॉरा, सुपर्ब किंवा त्याच इंजिनची दुसरी कुठली १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे आणि ती ऑइल खातेय त्यांनी गॅरेजला पैसे मोजायच्या आधी हे पूर्ण वाचा. पुण्यातल्या एका गॅरेजने आमच्याकडून रिंग-पिस्टन बदलायचे १ लाख ७८ हजार रुपये घेतले आणि इंजिन उघडलंच नाही. गॅरेजचं नाव लिहीत नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे, पण हा प्रकार फक्त एकाच ठिकाणी चालतो असं मला अजिबात वाटत नाही म्हणून सगळं डिटेलमध्ये लिहितोय.

गाडी २०१२ ची लॉरा आरएस, १६० पीएस, मॅन्युअल गिअर. दादाने नवी घेतलेली, घरातल्या सगळ्यांचा जीव तिच्यावर. सुरुवातीला दोन सर्व्हिसच्या मध्ये थेंबभर ऑइल लागायचं नाही, मग हळूहळू हजार किमीला अर्धा लिटर आणि शेवटी शेवटी जवळपास एक लिटर लागायला लागलं. कंपनीच्या पुस्तकात हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं असं छापलेलंच आहे, म्हणजे थोडं लागलं तर घाबरायचं कारण नाही. पण डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचंच अंतर असतं, त्यामुळे पुणे-गोवा-पुणे एवढ्या एका फेरीत ऑइल वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर यायचं, आणि कात्रज किंवा खंबाटकी उतरून परत अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे निळा धूर.

हे का होतं ते नीट समजून घ्या कारण फसवणूक बरोबर इथेच होते. ह्या पिढीच्या इंजिनात पिस्टनची तिसरी रिंग, म्हणजे ऑइल खरवडून खाली पाठवणारी रिंग, फार बारीक आहे आणि तिच्या मागची ऑइल परत जायची भोकं लहान आहेत. वर्षानुवर्षं त्यात कार्बन बसतो, भोकं बुजतात, रिंग खाचेत अडकून बसते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल तिथेच जळतं. अमेरिकेत २००९ ते २०११ च्या ऑडी ए४ मधल्या ह्याच कुटुंबातल्या २.० इंजिनावरून मालकांनी सामूहिक दावा लावला होता आणि कंपनीला तडजोड करावी लागली, म्हणजे हा काही आपल्याकडच्या पेट्रोलचा किंवा चालवण्याचा दोष नाही. दुसरं कारण पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतला वायू परत इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) सोडणारा, इंजिनवर बसवलेला प्लास्टिकचा डबा, त्याच्यातला रबरी पडदा फाटला की इंजिन स्वतःचंच ऑइल इनटेकमध्ये ओढून घेतं. इंजिन आयडलिंगला असताना ऑइल फिलरचं झाकण उघडायला गेलात आणि ते आतून जोरात ओढल्यासारखं घट्ट बसलेलं असेल, सोबत शिट्टीसारखा आवाज असेल, तर आधी तो व्हॉल्व्ह बदला. ते काम रिंग-पिस्टनच्या मानाने खूपच स्वस्तातलं आहे, जास्त खर्चाच्या गोष्टी नंतर.

तर त्या गॅरेजवाल्याने आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची टेस्ट केली आणि म्हणाला, "साहेब, रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल." काम झाल्यावर परत टेस्ट करून दाखवली, चारही सिलिंडरला १२ बारच्या आसपास, आणि म्हणाला बघा आता कसं मस्त आलंय. इथे नीट लक्ष द्या. कॉम्प्रेशन धरून ठेवतात त्या वरच्या दोन रिंगा, ऑइलची रिंग तिसरी. ती पूर्ण अडकलेली असली तरी कॉम्प्रेशन एकदम छान येऊ शकतं, लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते ते बघायची) सुद्धा पास होऊ शकते. म्हणजे त्याने दाखवलेला आकडा आमच्या गाडीत कामाच्या आधीही तेवढाच असणार, आधीचा आकडा त्याने आम्हाला दाखवलाच नव्हता, नुसतं तोंडी सांगितलं होतं. ऑइल खाण्याच्या तक्रारीवर कॉम्प्रेशनचा कागद हा कामाचा पुरावा होऊच शकत नाही.

गाडी हातात आली तेव्हा खरंच ऑइल लागणं कमी झालं होतं, धूर जवळजवळ गेला होता. दादाने विचारलं की नवीन रिंगा आहेत तर सुरुवातीला हळू चालवायची का, हजार किमीला ऑइल बदलायचं का, तर उत्तर आलं काही गरज नाही, बिनधास्त पळवा. मग सकाळी गार गाडी चालू केली की पहिले काही सेकंद इंजिनातून टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या साखळीचा, खडखडाट यायला लागला, जो आधी कधीच नव्हता. आणि दोनेक हजार किमी झाल्यावर ऑइल परत पहिल्यासारखं कमी व्हायला लागलं. फोन केला तर "साहेब, नवीन रिंग आहे, बसायला वेळ लागतो", मग "तुम्ही टॉप-अप कुठलं ऑइल केलं?", मग फोन उचलणंच बंद.

शेवटी गाडी कोल्हापूरला नेली, मामांच्या ओळखीतले एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी आधी ऑइल काढलं. ह्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० ग्रेडचं पातळ ऑइल लागतं, फोक्सवॅगनच्या ५०२ ००सारख्या मान्यतेचं, आणि खाली जे पडलं ते काकवीसारखं, जाड ऑइलमध्ये धूर दाबायचं ॲडिटिव्ह मिसळलेलं. त्यामुळेच काही दिवस धूर थांबला होता. पण ह्या इंजिनातला चेन टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो, एवढं घट्ट ऑइल गार इंजिनात त्याच्यापर्यंत पोचायला उशीर होतो आणि तोवर चेन सैल राहते. ह्या इंजिनात चेन दात चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. म्हणजे ह्या माणसाने आमचे पैसे तर घेतलेच, वर गाडी आधीपेक्षा जास्त धोक्यात घातली, आणि ह्या गोष्टीचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे, कारण त्याच गाडीतून आई-बाबा देवदर्शनाला जाऊन आले होते.

मग प्लग काढून आत कॅमेरा घातला. पिस्टनच्या डोक्यावर काळ्या कार्बनचे जाड पापुद्रे. गॅरेजवाला म्हणू शकला असता की गाडी ऑइल खातेय म्हणून कार्बन परत बसला, म्हणून अण्णांनी गाडी वर घेऊन खालून दाखवलं. पिस्टन काढायचा तर वरून हेड, म्हणजे सिलिंडरवरचा इंजिनचा भाग, उतरवावं लागतं आणि खालून ऑइलचं चेंबर काढावं लागतं, आणि हे चेंबर सीलंटने चिकटवलेलं असतं. उघडलं की जुनं सीलंट खरवडून नवं लावावंच लागतं आणि ते कडेने ताजं दिसतं. आमच्या चेंबरच्या सगळ्या कडेला वर्षांची धूळ आणि मळ सीलंटवर तसाच एकसंध बसलेला, एकाही बोल्टवर पान्याचा ओरखडा नाही. अण्णा म्हणाले, "कंपनीतनं आल्यापास्नं ह्या चेंबरला कुणी हात लावलेला न्हाई बघ."

गॅरेजने आम्हाला "तुमचे जुने पिस्टन" म्हणून एका पोत्यात चार पिस्टन दिले होते, ते डिकीत होते. अण्णांनी एक हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. डोक्यावर खोल गोल वाटी आणि मध्ये उंचवटा, म्हणजे डिझेलचा पिस्टन. व्हर्नियर लावला तर ८१ मिमीच्या आसपास, आमच्या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८२.५ मिमी. कुठल्यातरी डिझेल गाडीचं भंगार आमच्या हातात पुरावा म्हणून दिलं होतं.

त्यानंतर बिल परत नीट वाचलं आणि त्यातही सगळं दिसत होतं. पिस्टन सेट आहे, हेड गॅस्केट आहे, हेड बोल्ट आहेत, पण कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नाही. हेड उतरवायचं तर कूलंट काढावंच लागतं आणि मग परत भरावं लागतं, एवढ्या मोठ्या बिलात त्याची एक ओळ नसणं शक्यच नाही. सीलंटची ओळ नाही. एकाही पार्टचा नंबर नाही. ह्या इंजिनाचे ओरिजिनल पार्ट बहुतेक ०६एच किंवा ०६जे ने सुरू होणाऱ्या नंबरचे असतात आणि बॉक्सवर स्टिकर असतं, तेव्हा काम देतानाच सांगा की नंबरसकट जीएसटी बिल पाहिजे आणि रिकामे बॉक्स पाहिजेत. हेड उतरलेलं असेल तेव्हा स्वतः जाऊन बघा, नाही जमलं तर गाडीची नंबर प्लेट आणि उघडलेलं इंजिन एकाच शॉटमध्ये येईल असा व्हिडिओ मागा. खरं काम करणारा फिटर ह्याला कधीच नाही म्हणत नाही, उलट खुशीने दाखवतो. आणि काम द्यायच्या आधी प्लगच्या भोकातून पिस्टनचे फोटो काढून घ्या, नंतर तुलना करायला तेच उपयोगी पडतात, आमच्याकडे ते असते तर केस अजून पक्की झाली असती.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, तिथून गॅरेजला कळवलं गेलं पण त्याने दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सोबत बिल, कॅमेऱ्याचे फोटो, चेंबरचे फोटो, अण्णांचं लेखी म्हणणं आणि ते चार डिझेल पिस्टन. दुसऱ्या फिटरने इंजिन उघडण्याआधी हे सगळं तारखेसकट शूट करून ठेवा, एकदा खरोखर उघडलं की पुरावा गेला.

आमचं खरं काम नंतर अण्णांकडेच झालं. गजन पिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन, २१ मिमीची की २३ ची ते आधी मोजलं, मग सुधारित रिंगांचे पिस्टन मागवले, बोअर तपासले, चेन आणि टेन्शनर नवे टाकले, पीसीव्ही व्हॉल्व्हपण. प्रत्येक टप्प्याचा व्हिडिओ दादाच्या फोनवर येत होता. आता डिपस्टिकवरची खूण फारशी हलत नाही. आयोगात गॅरेजवाल्याने अजून लेखी उत्तर दिलेलं नाही.