म्युझस्कोर की रीपर: लॅपटॉपवर वाद्यवृंद उभा करताना

एकांकिकांना आणि स्नेहसंमेलनांना संगीत देणारी, हार्मोनियमवर हात बसलेली पुष्कळ मंडळी मराठवाड्यात आहेत. त्यांतल्या कुणाला व्हायोलिन, चेलो, हॉर्न, टिंपनी असा पाश्चात्त्य वाद्यवृंद हवा असला, तर परभणीत वा लातुरात तीस-चाळीस वादक जमवणे त्याच्या आवाक्यातले नसते. वाट उरते ती सॅम्पलची, म्हणजे खऱ्या वादकांकडून एकेक स्वर कमी-अधिक जोराने वाजवून घेऊन ध्वनिमुद्रित केलेल्या नमुन्यांची. कमी खर्चाचे दोन मार्ग मी परभणीत आलटून पालटून वापरतो. पहिला म्हणजे म्युझस्कोर ४ हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचे म्युझ साउंड्स हे सॅम्पलचे संच. दुसरा म्हणजे रीपर हा सिक्वेन्सर, म्हणजे वाजवलेले स्वर आणि ध्वनिमुद्रणे ओळीने मांडणारे सॉफ्टवेअर, आणि स्पिटफायर ऑडिओची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही सॅम्पलची लायब्ररी.

पैशांचा मुद्दा लवकर संपतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेले म्युझस्कोर ४ मोफत आहे. रीपर ६० दिवस वापरून पाहता येते आणि पुढे व्यक्तिगत परवान्याला ६० डॉलर पडतात. डिस्कव्हरलाही पैसे लागत नाहीत.

खरा फरक काम करण्याच्या पद्धतीत आहे. म्युझस्कोरमध्ये आपण पाच ओळींवर स्वर लिहितो, वर स्लर (स्वर जोडून), स्टकाटो (स्वर तोडून), क्रेशेंडो (जोर वाढवत) अशी चिन्हे देतो आणि सॉफ्टवेअर ती वाचून योग्य सॅम्पल स्वतः निवडते. रीपरमध्ये स्वर कीबोर्डवरून वाजवावे लागतात आणि चढउतार आपल्यालाच आखावा लागतो. उदाहरणार्थ, चेलोची आठ मात्रांची एक लांब ओळ घ्या. मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या भाषेत, प्रत्येक नियंत्रणाची किंमत ० ते १२७ असते. मॉड्युलेशन व्हील (कीबोर्डवरचे चाक), म्हणजे नियंत्रण क्रमांक १, एकाच जागी ठेवले, तर ही ओळ पेटीचा भाता एकसारखा दाबून धरल्यासारखी निर्जीव वाटते. तेच व्हील पहिल्या मात्रेला ३५ वर ठेवून सहाव्या मात्रेपर्यंत ९० वर नेले आणि मग उतरवले, की गज ओढल्याचा भास होतो. भाता सांभाळायची सवय असलेल्या माणसाला हे पटकन जमते, असा माझा अनुभव आहे. डाव्या हाताचे काम तेच, फक्त साधन बदलते.

आपल्याकडच्या माणसाला म्युझस्कोरची अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. आपली पट्टी काळी एक असेल, तर सॉफ्टवेअरच्या हिशेबाने सा म्हणजे सी शार्प, आणि शुद्ध स्वरांच्या सप्तकाला सात शार्प (स्वर चढवणारी चिन्हे) लावावे लागतात. त्याच सा-ला डी फ्लॅट म्हटले तर पाच फ्लॅटवर (स्वर उतरवणाऱ्या चिन्हांवर) भागते. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती, आणि त्यापायी पहिला महिना मी चिन्हांच्या जंगलात घालवला. दुसरी अडचण आलापाची. म्युझस्कोरला आवर्तनांचे कप्पे लागतातच; सात मात्रांचा रूपक तो बिनतक्रार मांडतो, पण ज्याला ताल नाही ते मात्रांत कोंबावे लागते. रीपरमध्ये क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) बंद करून मोकळे वाजवावे आणि प्रसंगाच्या लांबीप्रमाणे नंतर ओढूनताणून घ्यावे. नाटकाच्या पार्श्वसंगीतात, जिथे नटाचा विराम रोज थोडा वेगळा असतो, तिथे हा मोकळेपणा फार उपयोगी पडतो.

त्याहून निर्णायक गोष्ट अशी की म्युझस्कोर ४ मध्ये मायक्रोफोनवरून ध्वनिमुद्रण करता येत नाही. गोंधळाच्या प्रवेशाला मागे तंतुवाद्ये चालतील, पण संबळ हवाच, आणि तो या दोन्ही संग्रहांत नाही. तो गोंधळ्याकडूनच वाजवून घ्यावा लागतो, आणि व्हायोलिनच्या ट्रॅकशेजारी बसवायचा असेल तर रीपरच लागते. म्युझस्कोरमधून प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल काढून रीपरमध्ये आणता येते, मात्र एक स्वर बदलला की सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, कारण म्युझ साउंड्स म्युझस्कोरच्या बाहेर वाजत नाहीत.

यंत्राचा विचार मराठवाड्यात ऋतू पाहूनच करावा. डिस्कव्हर सुमारे २०० एमबीची आहे आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर निभावते. म्युझ साउंड्सचे संच काही जीबींचे असून मोबाइलच्या इंटरनेटवर उतरवताना धीर लागतो. मे महिन्यात, पारा ४२ अंशांपुढे गेल्यावर, माझा लॅपटॉप दुपारी वेग कमी करतो आणि आवाज तुटू लागतो, म्हणून वाद्यवृंदाचे काम मी पहाटे करतो. रीपरवर हाताने वाजवायचे असेल तर विंडोजमध्ये एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा विलंब कमी करणारा दुवा, घ्यावा. बफर, म्हणजे एका वेळी साठवला जाणारा आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचे एकेक मोजमाप) आणि दर ४४.१ किलोहर्ट्झचा ठेवला तर त्याचा विलंब सुमारे ६ मिलिसेकंद भरतो आणि तो बोटांना खटकत नाही. म्युझस्कोरला ही काळजी लागत नाही.

मग म्युझस्कोर कुणी घ्यावे? ज्याला पुढे मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत खरे व्हायोलिनवादक बसवायचे आहेत, त्याने निःशंकपणे घ्यावे. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या अरेंजरांनी (वाद्यमेळ बांधणाऱ्यांनी) स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच ओळींवरच्या स्वरलेखनाची, जी शिस्त घातली, तिच्यात वादकासमोर छापील कागदच ठेवावा लागतो, आणि रीपरमधून तसा कागद काढणे जिकिरीचे असते. शिवाय वाद्याच्या आवाक्याबाहेरचा स्वर म्युझस्कोर लाल करून दाखवतो. व्हायोलिन मध्य सीच्या खालच्या जीपेक्षा खाली उतरत नाही, हे मी पुस्तकातून नव्हे, तर त्या लाल ठिपक्यांतूनच शिकलो.

बाकी कानाने वाजवणाऱ्याने रीपर घ्यावे. फक्त बासरीची ओळ संपवून ती एकदा स्वतः गुणगुणून पाहावी आणि आपला दम जिथे संपतो तिथे स्वर तोडून जागा ठेवावी. सॅम्पलची बासरी सांगितले तर दोन मिनिटेही श्वास न घेता वाजत राहते.