नाइट गोबी, नऊ महिने आणि ३५० ग्रॅम मीठ

गणपतीत आणलेले तिन्ही नाइट गोबी मासे अजून ठणठणीत आहेत. मोतिया करड्या अंगावर काळे ठिपके, वाढून बोटाएवढे. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात याची नोंद केली, म्हणजे मासा इकडचाच. आपली खाडीतली निवटी याची लांबची नातेवाईक.

दुकानदार म्हणाला, "गोड्या पाण्यात मस्त राहतात." राहतात, पण आमच्या ठाण्याच्या मऊ पाण्यात आठवडाभर पर मिटून कोपऱ्यात बसले होते. मग पाणी खाडीसारखं थोडं खारं करायला दोन फुटी टाकीतल्या ५० लिटर पाण्यासाठी ३५० ग्रॅम मरीन टँकचं मीठ (स्वयंपाकघरातलं नव्हे!) बादलीत विरघळवून रोज थोडं थोडं सोडलं. हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारटपणा दाखवतो; साधं पाणी म्हणजे १.०००) १.००५ वर आला. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा. चार दिवसांत नराने पाठीवरचा लांब पर शिडासारखा उभा केला.

खाद्याच्या गोळ्या तोंडात घेऊन थुंकतात. फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि तांदळाच्या दाण्याएवढे करंदीचे तुकडे मात्र हातातून ओढून नेतात. सोबतीला सोडलेली गप्पीची पिल्लं दोन रात्रींत गायब.

माझा घोळ झाला उन्हाळ्यात. टाकीवर पंखा लावला होता, पाणी भराभर आटायचं आणि मी वरून खारवलेलंच ओतत राहिलो. उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. शाळेत शिकलेलं तेव्हा कुठे आठवतंय! टाकीतल्या जावा फर्न या वनस्पतीची पानं काळी पडली म्हणून मोजलं, तर १.००९. गोबी? मजेत. हीच तर गोची आहे, हा मासा इतका चिवट की तुमची चूक तो कळूच देत नाही. आता आटलेलं भरायला क्लोरीन काढलेलं साधं पाणी, खारवलेलं फक्त पाणी बदलताना, आणि दर रविवारी हायड्रोमीटर.

त्याआधी, मार्चमध्ये, उपड्या करवंटीत छताला अंडी चिकटवलेली दिसली. टॉर्च मारला तर नर परांनी वारा घालत होता; काचेला बोट लावलं तर थेट अंगावर आला. पिल्लं निघाली ती धुळीच्या कणांएवढी, तरंगणारी. सकाळपर्यंत फिल्टरने ओढली.

आता फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधलाय. परवापासून नर पुन्हा करवंटीत शिरलाय, करंदी टाकली तरी बाहेर येत नाही.