सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलाची थेरपी: बेळगावचं केंद्र की घरचा सराव?

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून मुलाला आठवड्यातून एकदा बेळगावला नेलं, तर पदरात पडते अर्ध्या-पाऊण तासाची थेरपी. एकही फेरी चुकली नाही असं धरलं तरी महिन्याला जेमतेम तीन तास. सीपी म्हणजे बाळाच्या मेंदूला इजा झाल्याने हालचालीत येणारं अपंगत्व. अशा मुलाला एखादं ठरावीक काम शिकायला, म्हणजे चमचा तोंडापर्यंत न्यायला किंवा पलंग धरून उभं राहायला, त्याच कामाचा साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो असं अभ्यासांतून दिसतं. म्हणजे फक्त केंद्रावर विसंबलं तर एका कामाला पाच ते आठ महिने. घरी रोज अर्धा तास दिला तर महिन्यात पंधरा तास होतात.

या हिशेबावरून केंद्र सोडून द्यावं असा अर्थ कुणी काढू नये. सराव घरी होतो, पण निर्णय केंद्रात होतात. दोन्हींची कामं वेगळी आहेत, आणि पैसा व वेळ वाया जातो तो ती एकमेकांकडून करून घ्यायला गेलं की.

केंद्र कशासाठी

काही गोष्टी गावात होतच नाहीत. निदान, झटक्यांचं औषध आणि त्याचा वजनाप्रमाणे बदलणारा डोस, कान-डोळ्यांची तपासणी, पायाचे स्प्लिंट म्हणजे एएफओ, ताठ स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं, शस्त्रक्रिया. सगळ्यात जास्त राहून जातो तो खुब्याचा एक्स-रे. जे मूल आधाराशिवाय चालत नाही, त्याचा खुबा हळूहळू सांध्यातून बाहेर सरकू शकतो, आणि बराच काळ दुखतही नाही. दोन वर्षांच्या आसपास पहिला एक्स-रे, मग डॉक्टर सांगतील तसा सहा ते बारा महिन्यांनी. कितीही मालिश केली तरी हे हाताला कळत नाही.

सरकारी मार्ग हवा असेल तर अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाकडून चिठ्ठी घ्या. २०१३ पासूनची ही योजना जन्मापासून १८ वर्षांपर्यंत आहे, आणि तिच्यातूनच जिल्हा पातळीवरच्या डीईआयसीकडे, म्हणजे लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या केंद्राकडे, पाठवतात. शहरात फिजिओथेरपी कॉलेजची ओपीडीही आहे. तिथे विद्यार्थी बदलत राहतात, त्यामुळे दर वेळी नव्याने सगळं सांगावं लागतं. एक वही ठेवा.

केंद्रात बिघडतं कुठे, तर आई बाहेरच्या बाकावर आणि मूल आत. थेरपिस्ट पाय ताणतो, मूल रडतं, वेळ संपते. नुसतं दुसऱ्याने पाय ताणून दिल्याने फरक पडतो याला पुरावा फारसा नाही. मुलाने स्वतः केलेली हालचाल मेंदू शिकतो. म्हणून आत बसायचं आणि निघण्याआधी विचारायचं, ‘या आठवड्यात घरी नेमकं काय करू?’ मग ते थेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवायचं आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. सूचनांचा कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये मिळाला आणि घरात वाचणारं कुणी नसेल, तर तो कपाटात जातो. मराठीत समजावून सांगा म्हणायला संकोच नको.

सीमेपलीकडे गेलं तर?

निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, अथणीकरांना मिरज-सांगली जवळ. पण अंतर हा अर्धाच हिशेब आहे. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये आईला तिकीट लागत नाही. कोल्हापूर-मिरजेपर्यंत ती सवलत पोचेलच असं नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, मात्र पेन्शन, बसपास आणि आरबीएसके ज्या राज्याचे त्याच राज्यातले. शस्त्रक्रिया किंवा स्प्लिंटसाठी पलीकडे जायला हरकत नाही. वर्षानुवर्षांचा पाठपुरावा मात्र एकाच ठिकाणी ठेवावा, नाहीतर एक्स-रे एका गावात, फाईल दुसऱ्या, आणि खुबा किती सरकला हे जुळवून पाहणारं कुणीच नाही.

बसभाड्यापेक्षा खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा असतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात फेऱ्या चुकणार हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावं.

गावात काय मिळतं, काय नाही

कर्नाटकात ग्रामपंचायतीला व्हीआरडब्ल्यू (ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते) आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू (बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ते) असतात. बहुतेक जण स्वतः दिव्यांग. यूडीआयडी, पेन्शन, बसपास, निरामय आरोग्य विमा (वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही काही मर्यादेत, नूतनीकरण विसरलं की संपलं) ही कामं त्यांच्याकडून करून घ्या. ते थेरपिस्ट नव्हेत. पाय ताणून द्या असा आग्रह त्यांना धरू नये. शाळेच्या वयाचं मूल घरातच असेल तर समग्र शिक्षण या सरकारी शालेय योजनेतल्या विशेष शिक्षकांच्या गृहभेटी मागता येतात. त्यासाठी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात नाव नोंदवलेलं हवं.

घरचा कार्यक्रम यशस्वी होतो तो छोटा असला तर. एका वेळी एक किंवा दोन उद्दिष्टं, आणि तीही घराने निवडलेली. ‘हातात ताकद यावी’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘भाकरीचा तुकडा स्वतः उचलून तोंडात घालावा’ हे येतं. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं, आठ आठवडे, मग पहिल्या व्हिडिओशी ताडून पाहायचं. बारा व्यायामांची यादी दिली की दहाव्या दिवशी एकही होत नाही.

बसणं नीट नसेल तर आधी खुर्ची. गावचा सुतार १२ मिलिमीटर प्लायवूडमध्ये करू शकतो, मापं मात्र मुलाची घ्या. बैठकीची खोली: पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत, त्यातून दोन बोटं वजा. उंची: गुडघ्याच्या घडीपासून टाचेपर्यंत, म्हणजे तळपाय पूर्ण टेकतील. समोरचा ट्रे कोपराच्या उंचीला. पट्टा मांडीच्या वरच्या घडीवर, तिथून मागे खाली तिरपा. छातीला बांधलं तर मूल खाली घसरून पट्टा गळ्याशी येतो. पाय एकमेकांवर चढून कात्री होत असेल तर गुडघ्यांच्या मध्ये कापड गुंडाळलेला ठोकळा. पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवूनही छान खुर्ची होते आणि खर्च नगण्य, पण खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर ती वाळतच नाही. उन्हाळ्यात करा.

जेवण हीसुद्धा थेरपीच आहे, आणि सगळ्यात धोक्याची चूक इथेच होते. मुलाला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून आंबील ओततात. त्या स्थितीत अन्न श्वासनलिकेत जातं आणि वारंवार न्यूमोनिया होतो. मूल सरळ बसलेलं, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि छोटा. पाण्याने ठसका लागतो पण घट्ट नाचणीची पेज उतरते, असं अनेकदा दिसतं. हे थेरपिस्टला सांगा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

जोर लावून पाय फाकवणं, काखेत धरून लोंबतं उचलणं, बाळांना बसवतात तो चाकांचा वॉकर: तिन्ही बंद. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, जोर लावला की मोडू शकतात. तेलाच्या मालिशने मूल शांत होत असेल तर खुशाल करा, ताठरपणा मात्र त्याने जात नाही.

मग कुणी काय निवडावं

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर पहिले दोन-तीन महिने केंद्र जास्त, अगदी आठवड्याला. मूल काय करतं आणि आपण काय करायचं हे आईबाबांना कळेपर्यंत. नंतर महिन्याला एक फेरी पुरते.

चालणारं मूल, एकच हात आखडलेला: घर भरपूर, केंद्र दोन-तीन महिन्यांनी. चांगल्या हाताला मोजा घालून खेळायला लावणं किंवा दोन्ही हातांची कामं (मटार सोलणं, डब्याचं झाकण काढणं) देणं. इथे एका कामापुरता नव्हे, एकूणच हात सुधारायचा असतो, म्हणून तीस-चाळीस तास सलग काही आठवड्यांत भरले तर फरक दिसतो.

बसतं पण चालत नाही: दोन्ही हवं. स्प्लिंट वर्षभरात लहान पडतात, त्यामुळे फेऱ्या टाळता येत नाहीत. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर घालणं थांबवून दुरुस्तीला न्या. मुलाला आधार देऊन उभं करायची फळी खुब्याचा एक्स-रे पाहून, दहा मिनिटांपासून सुरू करून रोज तासाभरापर्यंत.

मानही धरत नाही: आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटरचा बसप्रवास त्या मुलाला आणि आईला फक्त दमवतो. खुर्ची, जेवण, कूस बदलणं हे घरी. केंद्र सहा महिन्यांनी, एक्स-रे, वजन आणि झटक्यांच्या औषधासाठी.

स्टेम सेल उपचारासाठी पुण्या-मुंबईला लाखो रुपये घालण्याचा सल्ला मिळाला, तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सीपीसाठी त्याची शिफारस करत नाही एवढं ध्यानात ठेवा. तेवढ्या पैशात खुर्ची, स्प्लिंट आणि कित्येक वर्षांचे एक्स-रे होतात.

आणि ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच निघायचं ते या वेळी: झटका पाच मिनिटांवर चालला, जेवताना ओठ निळे पडले, ताप आणि छातीत घरघर, लंगोट बदलताना अचानक रडू लागलं, किंवा जमत असलेली हालचाल गेली. सीपी स्वतः वाढत नाही. येणारी गोष्ट गेली तर कारण दुसरं असतं, आणि ते शोधावं लागतं.